साडेसातचं ऊन

"आमचा फ्लॅट ईस्ट-फेसिंग आहे, मग सकाळी चहाच्या वेळी घरात ऊन का येत नाही?"

नव्या घरात राहायला गेलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. त्याचं अर्धं उत्तर जाहिरातीच्या भाषेत दडलेलं आहे. बिल्डर किंवा एजंट 'ईस्ट-फेसिंग' म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा मुख्य दाराबद्दल बोलत असतो. ते दार उघडतं जिन्याकडे, लिफ्टकडे, नाहीतर शेजाऱ्यांच्या दाराकडे. तिथे सूर्य कधी येत नाही. घरात ऊन येतं खिडक्यांतून आणि बाल्कनीतून, आणि त्यांची तोंडं भलत्याच दिशेला असू शकतात. म्हणून मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन आधी खिडकीपाशी उभं राहावं आणि ती नेमकी कुठे बघते ते पाहावं.

उरलेलं अर्धं उत्तर जरा लांबचं आहे. ते समजलं की घरातला एखादा कोपरा आपल्या रोजच्या एखाद्या आवडत्या कामाभोवती उभा करता येतो. त्यासाठी भिंत पाडावी लागत नाही आणि इंटिरियर डिझायनरही लागतोच असं नाही.

१. आधी घड्याळ, मग फर्निचर

घर लावताना आपण खोल्यांचा विचार करतो: हॉल, किचन, बेडरूम. मग सोफा कुठे, टीव्ही कुठे, हे ठरतं. बसण्याची जागा उरलेल्या कोपऱ्यात जाते आणि तिथे ऊन कधी येतं हे कुणी पाहिलेलंच नसतं. माझं म्हणणं असं की क्रम उलटा हवा. आधी तास ठरवावा, मग त्या तासाला घरात ऊन कुठे असतं ते शोधावं, आणि मगच तिथे काय ठेवायचं ते बघावं.

तास ठरवताना स्वतःला चार गोष्टी विचाराव्यात. हे काम मी किती वाजता करतो? किती वेळ? बसून करतो की उभ्याने, जमिनीवर की खुर्चीवर? आणि त्या वेळी डोळे काय करत असतात? गाण्याच्या रियाजाला डोळे मिटलेले चालतात, तिथे अंगावर ऊन आलं तरी बिघडत नाही. भाजी निवडायला किंवा सुईत दोरा ओवायला भरपूर उजेड हवा, पण ऊन नको. पुस्तक वाचायला पानावर थेट ऊन पडलं तर पांढरा कागद डोळ्यांना खुपतो.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. समजा पुण्यात दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट आहे. हॉलला नेमकी पूर्वेकडे बघणारी चार फूट रुंद खिडकी आहे. घरातल्या आजी रोज सकाळी साडेसातला चटईवर बसून अर्धा तास पोथी वाचतात. थंडीत वाचताना पाठीवर ऊन यावं, एवढीच त्यांची इच्छा आहे.

२. सूर्य रोज त्याच जागी उगवत नाही

सूर्य पूर्वेला उगवतो हे आपण शाळेत शिकलो, पण बरोबर पूर्वेला तो वर्षातून दोनच वेळा उगवतो, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. जूनच्या अखेरीस पुण्यात त्याची उगवण्याची जागा पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकलेली असते, तर डिसेंबरच्या अखेरीस तितकीच दक्षिणेकडे. म्हणजे वर्षभरात क्षितिजावर जवळजवळ ५० अंशांची ये-जा होते. ही ये-जा झोपाळ्यासारखी असते: दोन्ही टोकांना तो क्षणभर थबकल्यासारखा वाटतो आणि मध्यावर सर्वांत वेगात असतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा दिवसांत उन्हाची जागा फारशी हललेली कळत नाही, मार्चमध्ये मात्र आठवड्यातच फरक दिसतो.

या ये-जेचा सर्वांत देखणा उपयोग पाहायचा तर कोल्हापूरला जावं. अंबाबाईचं मंदिर पश्चिमाभिमुख आहे. परंपरेने ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर या दिवशी तिथे किरणोत्सव होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरून थेट गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात: पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. वर्षातून दोनदा का? कारण २१-२२ डिसेंबरच्या आधी सुमारे सहा आठवडे आणि नंतर सुमारे सहा आठवडे सूर्य मावळण्याची जागा एकच असते. जाताना तो तिथून जातो आणि परतताना तिथूनच येतो. मावळतीची ती एक जागा धरून एवढं मोठं दगडी मंदिर उभं आहे, ही मला अतिशय मोलाची गोष्ट वाटते. किरणांच्या वाटेत इमारती आल्या की तिथे चिंता सुरू होते, त्यामागचं कारणही हेच.

आपल्या घराच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की उन्हाच्या तारखा जोडीने येतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऊन जिथे पडतं, तिथेच ते नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पडणार. दुसरी जरा नवलाची आहे. जागा एकच असली तरी घड्याळातली वेळ एक नसते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्य माथ्यावर येण्याची वेळ वर्षभर मागेपुढे होत राहते. पुण्यात ती १० नोव्हेंबरला १२ वाजून १९ मिनिटांच्या आसपास असते, तर १ फेब्रुवारीला १२ वाजून ४९ मिनिटांच्या. पुरत्या अर्ध्या तासाचा फरक! नोव्हेंबरात सव्वाआठला मिळणारं ऊन फेब्रुवारीत पावणेनऊला मिळतं.

३. समोरची इमारत आणि आपली मूठ

आता आजींच्या साडेसातकडे वळू. पुण्यात साडेसातला सूर्य क्षितिजाच्या किती वर असतो? जूनच्या अखेरीस सुमारे १९ अंश, २१ मार्चच्या आसपास सुमारे ११ अंश, आणि जानेवारीच्या सुरुवातीला फक्त ४ अंश. जानेवारीत पुण्याचा सूर्योदयच सातनंतर होतो, हे आपण विसरतो.

अंश मोजायला उपकरण लागत नाही. हात ताठ समोर धरून मूठ वळली, की ती डोळ्यांना साधारण १० अंश उंच दिसते. लहान मुलाची मूठ लहान, पण त्याचा हातही आखूड, म्हणून हिशेब तोच राहतो. एक मूठ डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे क्षितिजावर ठेवायची, तिच्यावर दुसरी, आणि समोरच्या इमारतीची गच्ची किती मुठींवर येते ते पाहायचं.

समजा आजींच्या खिडकीतून समोरची गच्ची दोन मुठींवर आहे, म्हणजे २० अंशांवर. शहरात यात नवल काहीच नाही. सूर्य त्या गच्चीवरून डोकावेल तो असा: १० नोव्हेंबरला सव्वाआठच्या सुमारास, जानेवारीच्या सुरुवातीला पावणेनऊला, २१ मार्चला आठ वाजून पाच मिनिटांनी, आणि मे-जूनमध्ये साडेसातला.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हेच. खिडकी पूर्वेला आहे, सूर्यही पूर्वेकडून येतो, पण साडेसातला तो समोरच्या इमारतीमागे असतो. ज्या महिन्यांत तो साडेसातला खरोखर दिसतो, त्यांतला मे पाठीवर ऊन घेण्याचा नाही आणि जूनमध्ये ढग असतात.

इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. अशा वेळी कुठलाही पडदा, आरसा किंवा रंग आजींना साडेसातचं ऊन देऊ शकत नाही. वाटा दोनच आहेत. एक, थंडीपुरती पोथी पावणेनऊला न्यायची. दोन, वेळ तीच ठेवून उन्हाचा आग्रह सोडायचा आणि चांगल्या उजेडात बसायचं. वेळ आणि ऊन यांतलं आपल्याला काय अधिक प्रिय आहे हे ज्याचं त्याने ठरवावं. मी आजींच्या जागी असतो तर आधी चहा-नाश्ता उरकून पावणेनऊची वेळ घेतली असती. तेच धरून पुढे जाऊ.

४. बसल्यावर ऊन कुठे लागतं

खिडकीजवळ ऊन जास्त आणि आत कमी, असं आपण धरून चालतो. सकाळच्या तिरप्या उन्हात तसं होत नाही. सूर्य २० अंशांवर असताना एक फूट उंचीच्या वस्तूची सावली पावणेतीन फूट लांब पडते. खिडकीचा कट्टा जमिनीपासून ३ फूट असेल, तर त्याची सावली सव्वाआठ फूट लांब होणार. जानेवारीत पावणेनऊला सूर्य पूर्वेपासून ३३-३४ अंश दक्षिणेला असल्याने ती तिरकी पडते, आणि भिंतीपासून सरळ मोजलं तर जवळपास सात फूट जमीन सावलीत राहते. कवडसा त्यापलीकडे, खोलीच्या मध्यावर पडलेला दिसतो. लोक मग तिथे चटई टाकतात आणि जाता-येता सगळ्यांच्या पायात येतात.

पण आजींना ऊन जमिनीवर नको, पाठीवर हवं. जमिनीवर बसलेल्या माणसाची पाठ दीड फूट उंचीवर धरू. तेवढ्या उंचीवर कट्ट्याची सावली भिंतीपासून साडेतीन फुटांतच संपते. म्हणजे भिंतीपासून पाच फुटांवर बसलं तरी पाठीला ऊन लागेल. फक्त ते खिडकीच्या बरोबर समोर लागणार नाही. सूर्य दक्षिणेकडे कललेला, म्हणून ऊन उत्तरेकडे सरकतं, आणि पाच फुटांवर हे सरकणं सव्वातीन फुटांचं होतं. हाच हिशेब २१ मार्चला, सूर्य २० अंशांवर असताना केला तर सरकणं साधारण अर्ध्या फुटावर येतं. दोन-अडीच महिन्यांत उन्हाची जागा जवळजवळ पावणेतीन फूट हलते.

म्हणून अशा कोपऱ्यात भिंतीत ठोकलेलं बाकडं किंवा जड दिवाण करू नये असं माझं ठाम मत आहे. चटई, सतरंजी, हलका चौरंग, वेताची खुर्ची, असं काहीतरी असावं जे आजी स्वतः सरकवू शकतील. पक्कं काही करायचंच तर ते उत्तर-दक्षिण लांब करावं, म्हणजे ऋतूप्रमाणे त्याच बैठकीवर पुढेमागे सरकता येतं.

पाठ खिडकीकडे केली की पोथीवर आजींची स्वतःचीच सावली पडते. पानावर ऊन नको होतं, ते आपोआप साधलं. मात्र समोरची भिंत गडद असेल तर वाचायला अंधार वाटेल. तिथे पांढरा किंवा फिका रंग असला की कवडशाचा उजेड त्या भिंतीवरून पानावर परत येतो. गडद रंगाची 'अॅक्सेंट वॉल' करायची हौस असेल तर ती दुसऱ्या भिंतीवर भागवावी.

५. ऊन वेगळं, उजेड वेगळा

थेट ऊन आणि आभाळाचा पसरलेला उजेड यांची गल्लत केल्याने बऱ्याच बैठका चुकतात. लिहिणं, चित्र काढणं, शिवणकाम, निवडणं-टिपणं यांना दुसरा प्रकार हवा. जुन्या कोकणी घरात या कामांची जागा पडवी होती, आणि ती तिथे योग्यच होती. खाली उतरलेलं छप्पर ऊन अडवतं आणि अंगणावरून उसळलेला उजेड आत येतो. आतल्या अंधाऱ्या खोलीसाठी कौलांमध्ये एखादं काचेचं कौल बसवलेलं असे. तेवढ्या एका काचेवर स्वयंपाकघराचा दिवस निघतो, कारण वरून येणारा उजेड बाजूने येणाऱ्यापेक्षा जोरकस असतो.

फ्लॅटमध्ये वरून उजेड घेता येत नाही. तिथे वास्तुरचनाकारांचा एक ढोबळ नियम उपयोगी पडतो: खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुप्पट ते अडीचपट खोलीपर्यंतच कामाचा उजेड पोहोचतो. कड ७ फुटांवर असेल तर १४ ते १७ फूट. यात रुंदीपेक्षा उंचीचं महत्त्व जास्त आहे. पडद्याच्या झालरीने किंवा पेल्मेटने खिडकीचा वरचा फूटभर भाग झाकला तर खोलीच्या मागच्या भागाचा उजेड जातो. बॉक्स ग्रिलमध्ये वर रचलेल्या कुंड्यांनीही तेच होतं.

चित्रकाराने उत्तरेची खिडकी घ्यावी, कारण तिथून ऊन येत नाही, असं पुस्तकांत वाचायला मिळतं. हा सल्ला युरोपातला आहे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला येतो. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तर तो स्पष्टच उत्तरेकडे झुकलेला असतो. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीला छोटा छज्जा आणि बाजूला उभी आडोशाची फळी हवी.

पश्चिमेचं ऊन सर्वांत कठीण. ते खालच्या कोनातून येतं, म्हणून छज्जा त्याला अडवू शकत नाही, आणि ते येतं तेव्हा भिंती दिवसभर तापलेल्या असतात. मुंबईत तर समुद्राचा वाराही तिकडूनच आणि पावसाचा मारही. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या 'कांचनजंगा' इमारतीत यावर जुन्या बंगल्याचा उपाय काढला. कोपऱ्यांमध्ये दोन मजले उंचीचे खोल व्हरांडे दिले, म्हणजे राहण्याच्या खोल्या आणि तापतं ऊन यांच्यामध्ये सावलीचा पट्टा आला. आपल्या घरी एवढं शक्य नसतं, पण तत्त्व वापरता येतं: संध्याकाळची बैठक खिडकीला चिकटून न ठेवता थोडी आत घ्यावी, आणि चिक किंवा बांबूचा पडदा काचेच्या बाहेरच्या बाजूला टांगावा. काचेच्या आत शिरलेली उष्णता पडद्याने परत जात नाही.

६. पावसाळ्यातली बैठक

जून ते सप्टेंबर आपल्याकडे उन्हाचा भरवसा नसतो. फक्त उन्हावर बेतलेला कोपरा वर्षातले चार महिने ओस पडतो. ढगाळ आभाळ डोक्यावर सर्वांत उजळ आणि क्षितिजाकडे मंद असतं, जवळजवळ तिप्पट फरकाने. म्हणून पावसाळ्यात एकच कसोटी लावावी: बसलेल्या जागेवरून आभाळाचा तुकडा दिसतो का? समोर फक्त इमारतीची भिंत दिसत असेल तर दुपारीही दिवा लागणार. आजींनी जमिनीवरून उठून खिडकीपाशी खुर्चीवर बसावं, खिडकी डाव्या हाताला ठेवावी, म्हणजे वर आभाळ दिसेल आणि पानावर बाजूने उजेड येईल. थंडीतली बैठक आणि पावसाळ्यातली बैठक एकाच खोलीत दोन वेगळ्या जागी असू द्याव्यात.

७. डोळ्यांतलं घड्याळ

सकाळच्या उजेडात बसल्याने बरं वाटतं, यामागे शरीराचं कारण आहे. पाहण्याच्या पेशींखेरीज डोळ्यांच्या पडद्यात आणखी एक प्रकारच्या पेशी असतात. निळसर उजेड ओळखून त्या मेंदूतल्या दिवस-रात्रीच्या घड्याळाला वेळ कळवतात. हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसं चालतं याच्या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. सकाळचा उजेड हे घड्याळ थोडं पुढे आणतो, त्यामुळे रात्री झोपही वेळेवर येते.

आता आकडे पाहा. रात्री दिव्याखाली आपल्या हॉलमध्ये साधारण १०० ते ३०० लक्स उजेड असतो. लक्स हे उजेड मोजायचं माप आहे. ढगाळ दिवशी बाहेर १०,००० लक्सच्या आसपास सहज असतो, आणि भर उन्हात १ लाखाच्या घरात. डोळे लगेच सरावतात म्हणून एवढा फरक आपल्याला जाणवत नाही. खिडकीपासून दहा फूट दूर आणि दोन फूट दूर, यांत शरीराच्या दृष्टीने फार अंतर आहे. मात्र बंद काचेआड बसून 'ड' जीवनसत्त्व मिळेल असं समजू नये. त्यासाठी लागणारे किरण साधी काचही बहुतांश अडवते. गुडघ्यांना ऊब मिळेल, जीवनसत्त्वासाठी खिडकी उघडावी लागेल.

८. खडू आणि चौकशी

हे सगळे हिशेब करायचा कंटाळा येत असेल तर एक खडू घ्यावा. ठरलेल्या वेळी जमिनीवर कवडशाची कड आखावी आणि शेजारी तारीख लिहावी. संक्रांतीला एक खूण, होळीच्या आसपास एक, अक्षय्य तृतीयेला एक. तारखांची जोडी लक्षात ठेवली तर वर्षभर थांबावं लागत नाही: संक्रांतीची खूण नोव्हेंबरच्या अखेरीलाही चालते, २१ मार्चच्या आसपासची २३ सप्टेंबरच्या आसपास. फक्त घड्याळातल्या त्या मिनिटांचा फरक धरावा. ज्या महिन्यांत आपल्याला ऊन हवं आहे, त्या महिन्यांच्या खुणा जिथे एकमेकींवर येतात तिथे बैठक टाकावी.

घर अजून घ्यायचं असेल, भाड्याने किंवा विकत, तर काम आणखी सोपं आहे. एजंट फ्लॅट दाखवतो तो त्याच्या सोयीने, बहुधा दुपारी किंवा ऑफिस सुटल्यावर. त्याला आपली वेळ सांगावी आणि आग्रह धरावा. पावणेनऊचं ऊन हवं असेल तर पावणेनऊलाच जावं. खिडकीत उभं राहून समोरची गच्ची किती मुठींवर आहे ते मोजावं, आणि शेजारचा प्लॉट रिकामा असेल तर तिथे किती मजल्यांना परवानगी मिळाली आहे याची चौकशी करूनच टोकन द्यावं.